गळपट्टीवरचं नाव

यात्रेकरू खाली उतरले की त्यांचे कपडे मी धुते.
तोगे गावात, हागुरोच्या पायथ्याशी,
सत्तावीस वर्षं हेच.
पांढरं सगळं. मढ्याला घालतात तसलं पांढरं,
कारण हा डोंगर चढायचा तो आधी मरून, असं म्हणतात.
मला विचाराल तर मेलेली माणसं फार मळतात.
गुडघ्यांवर शेवाळ, बाह्यांवर मेणबत्तीचे थेंब,
आणि व्रताच्या कोठडीतला मिरचीचा धूर,
जो तीन पाण्यांतून काढला तरी
इस्त्रीच्या वाफेबरोबर पुन्हा ठसकवतो.

एक अंगरखा अकरा वर्षं पडून होता.
गळपट्टीवर शाईने: नुकाझावा, साकाता बंदर.
बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
नखांतलं काळं डोंगरानेही काढलं नव्हतं.
"राहू दे इथेच, पुढच्या उन्हाळ्यात येतो," म्हणाला,
आणि बूट बांधता बांधता,
"तुम्ही किती वेळा गेलात वर?"
मी म्हटलं, "कपडे वाळायचेत."

तो आला नाही. मी चौकशी केली नाही.
दर जूनमध्ये घडी मोडायची, उन्हात घालायचा, घडी घालायची.
बाही उसवली तिथे टाका घातला.
सहा वर्षांनी त्याच टाक्यावर दुसरा.

यंदा डॉक्टर म्हणाला, गुडघा गेलाय, जिने टाळा.
मग मी दोन हजार चारशे शेहेचाळीस पायऱ्या चढले.

दोन्ही अंगांना सुगीची झाडं,
एकाही सुगीत न कापलेली.
कुणी जुन्या गवंड्याने पायऱ्यांत कोरलेले भोपळे, पेले;
सगळे सापडले तर इच्छा पुरी होते.
मला नऊ सापडले. इच्छा ठरलीच नव्हती.
मधल्या टपरीत हात्सुनो मोची विकते, माझ्या वर्गातली.
"तू?" एवढंच म्हणाली,
आणि बशीत एक जास्त घातली.

वर मोठी घंटा आहे.
आमचे मालक सांगतात, पणजोबांच्या वेळी
सरकारी माणूस आला: देव वेगळे करा, बुद्ध वेगळे करा.
मूर्ती खाली नेल्या. घंटा राहिली.
जड होती म्हणून.

शंख फुंकणाऱ्या यामाबुशीने
गळपट्टी वाचली आणि हाक मारली, "नुकाझावा-सान!"
डोंगरात उत्तर एकच चालतं: उकेतामो.
म्हणजे पत्करलं.
ऊन? पत्करलं. पाय घसरला? पत्करलं.
मी आजूबाजूला पाहिलं. कुणीच ओ देईना.
"उकेतामो," म्हटलं.
त्याने माझ्या केसांकडे, बांगडीएवढ्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं
आणि पुढचं नाव वाचलं.

गास्सानवर जुलैतही बर्फ.
तो गेलेल्यांचा डोंगर. पुढचा माणूस
चार पावलांत धुक्यात जातो, आणि त्याच्या घंटीवरून
कळतं की तो अजून आहे.
कुणी भेटलं नाही मला तिथे.
भेटायला मी कुणाला ओळखत होते?
फक्त घाम फुटला तसा अंगरख्याला
इंजिनच्या तेलाचा वास सुटला.
अकरा वर्षं मी स्वतः धुतलेला अंगरखा.
साबण बदलावा लागेल, असं मनात आलं.
मग कितीतरी वेळ काहीच मनात आलं नाही.

युदोनोचं सांगायचं नसतं.
दुसऱ्याने पाहिलेलं विचारायचंही नसतं.
पायताण काढतात, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.
तळवे अजून गरम आहेत,
हेही खरं तर सांगायला नको होतं.

आज टबात तेवीस अंगरखे.
शेवाळ, मेण, मिरची. एकाला तेल.
त्या नावाखाली, गळपट्टीवर,
दोन बोटं जागा आहे.
शाईची बाटली कुठल्या खणात आहे ते मला माहीत आहे.
बघू.
आधी कपडे वाळायचेत.